उजवी किडनी

ताई : हर्नियाला लघवीची नळी लावतात होय रे? आणि कुशीतून ही दुसरी पिशवी कसली लोंबतेय?

धाकटा : लावतात कधी कधी. तू कशाला आलीस? आज तुझं डायलिसिस ना?

ताई : उरकूनच आलेय. चार वर्षं नळ्यांच्या संगतीत काढलीत मी, मला थापा मारू नकोस. शर्ट वर कर.

धाकटा : ताई, लोक बघतायत गं.

ताई : बघू देत. तीन भोकं, आणि सगळी डावीकडे! हा कुठला हर्निया?

धाकटा : (नजर चुकवत) सांगणारच होतो. तुला किडनी द्यायची म्हणून तपासण्या केल्या ना, त्यात सापडलं. माझ्या डाव्या किडनीतून नळी निघते तिथेच ती चिंचोळी होती, जन्मापासून. लघवी तुंबून किडनी फुगली होती. दुर्बिणीतून तेवढाच तुकडा कापून नळी पुन्हा जोडलीय.

ताई : अरे, तपासण्या होऊन महिना लोटला! सगळं झकास आहे म्हणालास मला.

धाकटा : तू हसत होतीस. किती दिवसांनी हसत होतीस.

ताई : मग आता?

धाकटा : आता काय, ही बरी झाली की उजवी तुझी.

ताई : असं डॉक्टर म्हणाले?

धाकटा : म्हणतील.

ताई : माझ्याकडे बघून बोल.

धाकटा : नाही म्हणाले. डावीत फारसा दम उरलेला नाही, उजवीच्या जिवावर चाललंय माझं. पण मी पाया पडेन त्यांच्या, लिहून देईन हवं तर.

ताई : गप बस! मला जगवायला स्वतः मरणार?

धाकटा : दुसरं कोण आहे तुला?

ताई : कुणी नाही. ते काय मला कळत नाही? खोटं कशाला बोलू, हवी होती रे मला तुझी किडनी. पोरीला सांगून बसले होते, आता आई कुठे जात नाही म्हणून. इतका संताप येतोय ना, आणि काढू कुणावर?

धाकटा : माझ्यावर काढ.

सिस्टर : हळू बोला जरा, बाकीचे पेशंट झोपलेत. अहो दादा, बाटली भरलेलीच? मघापर्यंत तर चांगलं पाणी पीत होतात. आत बसवलेली नळी तुंबली तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जाल.

धाकटा : पितो नंतर.

ताई : मी आले म्हणून थांबलास.

धाकटा : तुला दिवसाला दोन पेले, तेही मोजून. तुझ्यासमोर घटाघटा कसं पिऊ?

ताई : सिस्टर, ती बाटली द्या इकडे. हं, धर.

धाकटा : मग तू बाहेर जा.

ताई : नाही जात. इथेच बसलेय. पी.