बारामतीला सविताचा ओठ शिवला तो दिवस

आमी मूळचे सुप्याकडचे. वडील मेंढरं राखायचे, पुढं मेंढरं इकली आन् शेती धरली, तवा कुठं मी शाळंत गेले, चौथीपतूर. मग इंदापूरकडं दिलं. मला चारचौघांत बोलायचं जमत न्हाय, काय सांगू तुमाला, नवऱ्याच्या मित्रांना चहा बी मी दाराआडून द्यायची.

सविता झाली ती वरचा ओठ फाटलेलीच. बाया म्हणायच्या, पोटुशी असताना सूर्याच्या गिराणात काय चिरलंस गं. ती दोन वर्सांची झाली तवा कळलं, बारामतीच्या एका दवाखान्यात परदेशातले डॉक्टर आल्यात, फाटके ओठ फुकट शिवत्यात, त्यांच्यासंगं डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरी बी सेवा करायला आल्यात. आमाला बोलावलं ते त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी.

सकाळपास्नं पोरीला खायला घालू न्हका म्हणून सांगितलं व्हतं. न्हाय घातलं. पण निघताना सासूबाईंनी रीतीपरमाणं दहीसाखर दिली. शुभ कामाला निघताना देत्यातच, त्याला खाणं कोण म्हणतं? पोरीनं वाटी चाटूनपुसून घेतली.

तितं एक गोरी पोरगी, वीसेक वर्सांची, सविताला कडेवर घिऊन हिंडायला लागली. मोडक्या मराठीत इचारलं, जेवली? मी मान हलवली, न्हाय. मग आमचा नंबर आला, तेवढ्यात नर्सबाई दुसऱ्या एकीला सांगाया लागली, पोटात काय असलं तर भुलीत उलटी व्हती, छातीत जाती, पोर गुदमरतं. मी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई कानाशी म्हणाल्या, गप ऱ्हा, दह्यानं कुणी मरत न्हाय, नंबर गेला तर पोरगी जलमभर अशीच ऱ्हाईल.

गोरी पोरगी सविताला घिऊन आपरेशनच्या दारात पोचली व्हती. मी पळत जाऊन तिचा हातच धरला. दही, दही म्हणले, तिला कळंना. मग सविताकडं बोट केलं आन् घास गिळून दाखवला. तिचा चेहरा उतरला. ती आत वरडली, डॉक्टर आलं, नर्सबाई म्हणाली, आता न्हाय, समद्यांचं झाल्यावर येळ उरला तर बघू.

बसलो. सविता पाण्यासाठी रडून रडून निळी पडायला आली. सासूबाई तांब्या घिऊन उठल्या की ती पोरगी आडवी यायची, हात जोडायची. सासूबाई म्हणाल्या, मेले, तुझ्या पोटी पोर झालं म्हंजी कळंल तुला. तिला वाटलं आशीर्वादच दिला, ती हसली. तिनं सोताबी पाणी तोंडाला लावलं न्हाय. बाहीर त्यांच्या गाडीत सामान चढत व्हतं, आन् मी नुसती त्या दाराकडं बघत व्हते. पोरीला आत घेतलं न्हाय, तर ते मी तोंड उघडलं म्हणूनच.

ऊन उतरलं तवा दार उघडलं. पोरगी सविताला घिऊन आत गेली. लई येळानं बाहीर आली तवा डोळे पुसत व्हती, मला वाटलं संपलं समदं. मग तिनं अंगठा वर करून दाखवला.

आता सविता शाळंत जाती. वरच्या ओठावर बारीक वण हाय. बाईंनी उभं केलं की मोठ्यानं वाचती, मला कधी जमलं न्हाय तसं. त्या पोरीचं नाव बी मी इचारलं न्हाय. आता डॉक्टरीण झाली आसंल. कुठं आसंल तितं तिच्या हाताला गुण येऊ दे.