डोशाचा काला

आपल्याकडे राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणांना टाळ्या वाजवणारेच ताटातली भाकरी हलली की रडतात! म्हणून मी ठरवलं, मित्रांना एकेका प्रांताचं जेवण खायला लावायचंच. नगरला स्टेशनाजवळ मद्राशी हॉटेल निघालं, तसं कॉलेजातल्या माझ्या दोस्ताला, श्रीगोंद्याच्या बाप्पाला, ओढत नेलं. त्याची अट एकच होती, "प्वाट भरलं न्हाई, तर पुन्हा मला न्यायचं न्हाई."

मसाला डोसा आला. मी बजावलं, "ज्या प्रांताचं अन्न, त्याच प्रांताच्या रीतीनं खायचं."

"व्हय," म्हणत बाप्पानं डोसा मोडला, वर वाटीभर सांबार ओतलं आणि भाकरीसारखं सगळं कुस्करलं. मग खिशातून कांदा काढला, टेबलावर ठेवला आणि बुक्की हाणली. मालक गल्ला सोडून धावत आला.

"अरे, हा अपमान आहे त्यांचा!" मी दातओठ खात म्हणालो.

"लई ग्वाड लागतंय," बाप्पा भुरका मारत म्हणाला.

मालक तोंड उघडणार, तोच शेजारच्या टेबलावर मघापासून काट्याचमच्यानं डोशाशी झुंजणारे फेटेवाले आजोबा ओरडले, "ओ मालक, आमचाबी तसाच कुस्करून आना. कांदा हाय आमच्याकडं."