पडदा धरलेला हात

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या नाटक कंपनीतल्या सर्वांत ज्येष्ठ अभिनेत्री, ज्यांना व्यासपीठावर आदरणीय आणि खाली उतरल्यावर नुसतं ताई म्हणायचं, त्या ताई. प्रमुख पाहुणे, ज्यांच्या लॅबमधून आमचे सगळ्यांचे चेहरे धुऊन निघाले ते फोटो लॅबचे मालक. आमच्या कंपनीचे मॅनेजर. आजचे सत्कारमूर्ती, आमचे छायाचित्रकार मित्र. त्यांच्या शेजारी बसवल्यामुळे अवघडलेल्या वहिनी. आणि समोर बसलेले सहकारी, रसिक, तसंच चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणारे सर्व बंधू-भगिनी,

माझ्या आधी चौघं बोलून गेले आणि चौघंही माझ्यापेक्षा चांगलं बोलले. मी कंपनीचा कपडेपट सांभाळते. कामाच्या वेळी माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे बोलायची फारशी सवय नाही. रात्री रोजनिशी लिहिते तेवढीच, आणि तिला टाळ्या वाजवायच्या नसतात. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. तुम्हीही दमला आहात, मला इथून दिसतंय. तिसऱ्या रांगेतल्या आमच्या प्रकाशयोजनाकारांनी तर मघाशीच डोळे मिटून घेतले. कालपर्यंत आपण दौऱ्यावर होतो, परवा पुन्हा निघायचं आहे, आणि मधल्या एका दिवसात हा निरोपाचा सत्कार बसवलाय. दोन प्रयोगांच्या मध्ये इस्त्री बसवावी तसा.

सत्कारमूर्तींबद्दल बोलताना मी ‘अहो-जाहो’ करायचं ठरवलं होतं, पण जमणार नाही. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. त्याला आपण सगळे ‘बॅटरी’ म्हणतो. कुठल्याही गावी, कुठल्याही खोलीत शिरलो की बाकीचे खिडकी बघतात, पलंग बघतात, आणि हा भिंतीच्या खालच्या अंगाला प्लग शोधत फिरतो. यानं आता कॅमेरा खाली ठेवला म्हणून माझ्या आधीच्या चौघांपैकी तिघांनी ‘बॅटरी संपली’ असा विनोद केला. मी करणार नाही.

तर, काय काय फोटो काढले यानं? सुरुवात लग्नांपासून झाली. आमच्या मित्रमंडळींतलं पहिलं लग्न माझंच होतं. याच्याकडे मामाचा जुना कॅमेरा होता, म्हणून यालाच सांगितलं. फोटो फार चांगले आले. लग्न तेवढं चांगलं आलं नाही. हसा, हसायला हरकत नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली. वेगळं झाल्यावर यानं मला विचारलं होतं, “अल्बमचं काय केलंस?”

“आहे कपाटात.”

“ठेवलास?”

“त्यात बाबा फार छान आलेत रे.”

बाबा तोवर गेले होते. कुठलाही कॅमेरा समोर आला की बाबा ताठ व्हायचे, कवायतीला उभे राहिल्यासारखे. यानं त्यांना ‘हसा’ म्हटलं नाही. हा कुणालाच म्हणत नाही. हा म्हणतो, “श्वास सोडा.” बाबांनी श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि माझे घरातले बाबा त्या फोटोत आले. अजून आहेत.

मग एकेकाची लग्नं झाली. घरं झाली, मुलं झाली, मुलांचे वाढदिवस झाले. नाटकं आली, त्यांचे शंभरावे प्रयोग झाले. हा कंपनीबरोबर दौऱ्यावर यायला लागला, आणि आपले बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेले चेहरे, रंग उतरवताना अर्धे म्हातारे आणि अर्धे तरुण दिसणारे चेहरे, इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून बसलेली मी, हे सगळं जमा होत गेलं. आपण जगत होतो की नुसते या गावाहून त्या गावाला जात होतो, असा प्रश्न मला हल्ली वारंवार पडतो. याचे फोटो बघितले की वाटतं, जगत होतो बहुतेक.

पण आपण त्याला बोलावलं कसं, ते जरा आठवा. “येतोस ना लग्नाला?” आणि त्याच श्वासात, “कॅमेरा आण हं.” नुसतं “ये” असं त्याला कुणी म्हटलं होतं का? मी म्हटलं नव्हतं. वहिनी आपल्या सगळ्यांच्या लग्नांना नवऱ्याबरोबर आल्या आणि एकट्या जेवल्या. एकदा मी त्यांना म्हटलं, “वहिनी, शेजारच्या खुर्चीवर कुणाची पर्स आहे?” तर म्हणाल्या, “माझीच. यांची जागा धरलीय. यायचे नाहीत, पण पर्सला तरी यजमानीण वाढते का बघू.”

वहिनी, मान खाली घालू नका. सभागृहाला आवडलंय.

आता यजमानांची क्षमा मागून एक आतली गोष्ट सांगते. मघाशी रंगपटात चहा पिताना आमचे मॅनेजर माझ्याजवळ आले. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. दुसरं. चाळिशी उलटल्यावर. ही बातमी ज्यांना आत्ता कळतेय त्यांनी कृपया मागे वळून शेवटच्या रांगेत बघू नये. तिथे जे दातांचे डॉक्टर बसलेत ते लाजाळू आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे दात बघतात, स्वतःचे कुणाला दाखवत नाहीत.

तर मॅनेजर म्हणाले, “हे बघ, तू स्टेजवरून माग.”

“काय मागू?”

“अगं, माझ्या लग्नाचे फोटो काढ म्हणून. तुला नाही म्हणणार नाही तो. एकदा कॅमेरा हातात आला की दौऱ्यालाही येईल.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“एवढ्या लोकांसमोर? म्हणूच शकत नाही. एकट्याला गाठलंस तर निसटेल. सगळ्यांसमोर माग.”

मॅनेजरसाहेब, मी तुमच्यावर रागावलेले नाही. नवं नाटक उभं राहतंय, दौरा तोंडावर आहे आणि तुम्हाला माणूस हवा आहे. तुम्हीही त्याच्यावर प्रेमच करता. माझ्या आधी बोललेल्या चौघांनीही तेच मागितलं, फक्त जरा गोल शब्दांत. “एवढा एक दौरा.” “निदान नव्या नाटकापुरतं तरी.” प्रत्येक वेळी टाळ्या झाल्या, आणि प्रत्येक टाळीला हा खुर्चीत थोडा थोडा खाली घसरत गेला. तुमच्या लक्षात आलं का? मी इथून त्याच्या सदऱ्याची कॉलर बघत होते. कपडेपटाची सवय. कॉलर कानाला लागली की आतला माणूस अडचणीत आहे असं समजायचं.

आणि माझ्याबद्दल विचाराल, तर मलाही मागायचंच होतं. सकाळपासून वाक्य तयार होतं. तो असता तर डॉक्टरसाहेबांनीसुद्धा श्वास सोडला असता. हे मी मोठेपणा म्हणून सोडत नाहीये. मला ते हवंच आहे.

पण आता जरा मागे बघा. व्यासपीठामागचा हा मोठा फोटो. ताईंच्या शेवटच्या प्रयोगाचा, मागच्याच्या मागच्या दौऱ्यातला. ताई रंगमंचावरून विंगेत आल्यात, अर्ध्या चेहऱ्यावर अजून स्टेजचा उजेड आहे, आणि उजव्या हातानं त्यांनी विंगेचा काळा पडदा घट्ट धरलाय. आपले पहिले वक्ते म्हणाले, “या मुठीत अख्खी रंगभूमी आहे.” तिसरे म्हणाले, “कलेला सोडवत नाही असा हा हात.” सुंदर बोलले दोघंही. हा फोटो लावू नका, असं बॅटरीनं समितीला सांगितलं होतं. समितीला तो विनय वाटला.

तो विनय नव्हता. हे मी आज सांगणार आहे, आणि दोघांना विचारून सांगणार आहे. तो म्हणाला, “सांग. त्या फोटोचं कौतुक मला आता ऐकवत नाही. मला बोलता येणार नाही.” ताई काय म्हणाल्या ते नंतर सांगते.

याची एक सवय तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कुणी मिठी मारायला आलं की हा एक पाऊल मागे सरतो. जवळची माणसं त्याला नको असतात असं नाही. फार जवळ आलेला माणूस त्याच्या लेन्सला स्पष्ट दिसत नाही, एवढंच. सख्खी धाकटी बहीण लग्न होऊन निघाली, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत याच्यापर्यंत आली, तेव्हाही हा मागे सरला. ती हात पसरून येते आहे असा तो फोटो आहे. ती अजून चेष्टा करते, “दादाला भेटायचं असेल तर दारापासून दाढीपर्यंत अंतर ठेवून भेटावं लागतं.” आपणही हसत आलो. कामाचीच सवय ती. माझ्या बाहीत नाही का नेहमी सुया टोचलेल्या असतात.

त्या दिवशी प्रयोग संपवून ताई विंगेत आल्या तेव्हा त्यांना चक्कर आली. समोर हा उभा होता. त्यांनी आधारासाठी त्याच्याकडे हात केला. हा एक पाऊल मागे सरला. हात त्याच्यापर्यंत पोचला नाही, पडद्याला लागला.

तोच हा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. कॅमेरा पिशवीत होता, हीच मुळात बातमी होती. मी सहज म्हटलं, “काय रे, आज प्लग शोधला नाहीस?”

“नाही.”

“चार्ज नाही करायचं?”

“नाही करायचं.” मग कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन शेवटपर्यंत ओढली. “ताईंनी हात माझ्याकडे केला होता.”

“तुला कळलं नसेल रे. क्षणभराचं काम ते.”

“कळलं होतं गं. पडतायत हे कळलं, आणि उजेड चांगला आहे हेही कळलं. पाय मागे गेला.”

समजुतीची चार वाक्यं मनात आली, चारही खोटी वाटली. शेवटी विचारलं, “फोटो कसा आलाय?”

“चांगला आलाय,” तो म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात ना, तशा आवाजात.

त्यानंतर त्यानं मॅनेजरना सांगितलं की पुरे झालं. कुणाला वाटलं गुडघे दुखतात, कुणाला वाटलं रुसलाय. आपण कारणं शोधत बसलो आणि सत्कार ठरवला. सत्कारात त्याला तोच फोटो पाठीशी देऊन बसवला, आणि म्हणतोय, अजून एक दौरा कर.

ताईंना मी मघाशी विचारलं, “सांगू का हे?” तर त्या आरशात बघून कुंकू नीट करत म्हणाल्या, “सांग की! मला तेव्हाच कळलं होतं. अगं, त्याच्या अंगावर पडले असते तर दोघंही आडवी झालो असतो. पडद्यानं धरलं ते बरंच झालं. आणि उभ्या जन्मात माझा एवढा चांगला फोटो कुणी काढला नाही. म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस, घोड्या.”

हे ‘घोड्या’ त्यांचं आहे. मी फक्त पोचवलं.

ताईंनी माफ केलं. तरी ताईंचं माफ करणं वेगळं, आणि त्याचं सकाळी उठून स्वतःच्या पायांकडे बघणं वेगळं. तिथे आपल्या टाळ्यांचा काही उपयोग नाही. तो थकलाय. आपण सगळेच थकलोय, पण आपण थकून एकमेकांच्या खांद्यावर झोपतो. तो थकला तरी एक पाऊल दूर उभा असतो. इतकी वर्षं तो आपल्याकडे बघत राहिला. आता त्याला जवळ यायचं असेल, तर ‘अजून एक’ म्हणून आपण त्याला पुन्हा मागे का ढकलावं?

म्हणून मॅनेजरसाहेब, माफ करा, मी मागणार नाही. समितीचीही क्षमा मागते. आणि जमलं तर या सभागृहातल्या कुणीच आज, उद्या, चहाच्या रांगेतसुद्धा मागू नये, एवढी विनंती करते. टाळ्या नकोत, प्लीज. त्याची कॉलर आत्ताच थोडी खाली आलीय.

मात्र मला एक दुसरं मागायचं आहे. बॅटरी, इकडे बघ. पुढच्या महिन्यात आमची नोंदणी आहे. थाट काही नाही. कार्यालयातली छोटी खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट, चार खुर्च्या. प्लग आहे का ते मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. माझ्या बाजूनं साक्षीदार म्हणून सही करायला घरचं माणूस हवं. मागच्या वेळी बाबा होते. या वेळी तू ये. वहिनींना घेऊन ये आणि हात मोकळे ठेवून ये. सही टेबलाशी येऊनच करावी लागते, लांबून होत नाही. आणि नंतर जेवायला वहिनींच्या शेजारी बस. पर्स त्या मांडीवर घेतील.

हे सगळ्यांसमोर मागतेय खरं, म्हणजे मीही मॅनेजरांचीच युक्ती वापरतेय. तेव्हा नको असेल तर नाही म्हण. खरंच म्हण. मी थांबते.

...मान हलवली त्यानं. होकाराची आहे ना? वहिनी, तुम्ही जवळ आहात, तुम्ही बघितलंत? होकाराची आहे.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी ‘सामूहिक छायाचित्र’ असं लिहिलंय. ते काढणार कोण, याचा विचार पत्रिका छापणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. नेहमीप्रमाणे गृहीत धरलं असेल. नाट्यगृहाचे वायरमन काका आहेत, ते आपल्या फोनवर काढतील. डोकी कापली जातील, कुणाचे डोळे मिटलेले येतील, बोटही मध्ये येईल. येऊ दे. सत्कारमूर्तींनी ताईंच्या शेजारी उभं राहावं, आणि ताईंनी त्यांचा दंड धरावा, अशी अध्यक्षांना नम्र सूचना.

मला बोलायला उभं केल्याबद्दल समितीचे आभार. ज्यांचं गुपित मी बोलून दाखवलं त्या दोघांचे आभार. शेवटच्या रांगेतून एकदाही घड्याळ न बघितल्याबद्दल डॉक्टरसाहेबांचे आभार. निरोपाच्या प्रसंगी जे बोलू नये ते बोलले असेन, मानाचा क्रम चुकला असेल, सांगितलेली विनंती न करता भलतीच केली असेल, तर ती दमलेल्या बाईची चूक समजून पोटात घाला.

आता माइक ठेवते आणि बॅटरी, तुझ्याकडे येते. उठून उभा राहा. मागे सरायला जागा नाही, तुझी खुर्ची भिंतीला टेकलेली आहे. मी बोलायला उठायच्या आधीच बघून ठेवलंय.

श्वास सोड.