मयतीच्या खुर्च्या

लातूरच्या स्टँडवर उदगीरची बस लागत नव्हती. स्वप्नालीचं तान्हं किरकिरत होतं. मागच्या बाकावरच्या बापलेकींचं तर केव्हाचं चालूच होतं.

"सारखं सारखं उठू नका अप्पा. येईल बस."

"आपल्या मंडपाच्या वेबसाईटला हात लावायला कुनी सांगितलं होतं तुला?"

"लग्न, बारसं, वास्तुशांत, मयत... दादानं भाड्याचा तोच हिशोब प्रत्येकाखाली पुन्हा पुन्हा लिहिला होता. मी सगळ्यांचा मिळून एकच केला."

"मयतीचं भाडं आपन कधी घेतलंय का गं?"

"तेवढी एक ओळ वेगळी होती. नजरेतून सुटली माझ्या."

"नागप्पाला अजून उचललं नव्हतं, शिवांगी. पोरानं खुर्च्या मागितल्या, तर त्याच्या मोबाईलवर बिल! आता कोन्त्या तोंडानं जाऊ त्याच्या दारात?"

बाळाला थोपटणारा स्वप्नालीचा हात थांबला.

"रात्रीच नीट केलंय अप्पा. आता मयत निवडली की भाडं शून्य दिसतं."

"शून्य बी नको."

"मग काय दाखवू?"

"काहीच नको दाखवू. पत्ता तेवढा विचार."