छाटणीचं दुखणं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, सरपंच नवसाबाई. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो, त्या आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉ. रूपाली आहेर मॅडम. आणि द्राक्षबागेची कामं आवरून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मॅडमचा सहकारी डॉक्टर म्हणून दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. दोन शब्दांत मी आजवर काहीही समजावलेलं नाही, हे आपण जाणताच.

छातीत दुखतं, म्हणजे नेमकं काय दुखतं? त्या पिंजऱ्यात हृदय एकटं राहत नाही. मिसळ जास्त झाली की अन्ननलिका जळजळते. न्यूमोनियात श्वासागणिक टोचतं. मांडवाखाली दिवसभर हात वर करून वेली छाटल्या की स्नायू ठणकतात. या शेवटच्याला आपल्याकडे नावच आहे, छाटणीचं दुखणं. आणि उपायही ठरलेला, मिठाचा शेक.

पहिल्या रांगेत हसताहेत ते आपले रावजी गेल्या छाटणीत हाच शेक घेत बसले होते. मॅडम लसीकरणाला वस्तीवर गेलेल्या. रावजींच्या कारभारणीने, कुसाबाईंनी, बोलता बोलता गाऱ्हाणं सांगितलं. मॅडमनी पिशवी खाली ठेवली. हात वर केला की वाढतं? नाही. दाबल्यावर? नाही. मग केव्हा? शेततळ्याचा चढ चढताना. बसलं की थांबायचं. आज मात्र बसूनही थांबेना, डावा हात जड, कपाळावर घाम. मॅडमनी तिथूनच १०८ ला फोन लावला.

गाडी आली, पण रावजी उठेनात. बाग अर्धी राहिली होती ना! मॅडमनी रक्तवाहिनी कशी तुंबते ते समजावलं; ते मान डोलवत बसूनच. शेवटी कुसाबाई म्हणाल्या, "बाग छाटली तर परत फुटती. तुम्ही फुटणार हाय का? व्हा गाडीत."

नाशिकला वाहिनी मोकळी झाली. उरलेली बाग गावाने छाटली.

एक खुलासा केल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. दाबल्यावर दुखलं म्हणजे हृदय निर्दोष सुटलं, असं समजू नका. कधी नुसता दम लागतो, मळमळतं. शंका आली की आधी गाडी बोलवा. दुखण्याचं कारण आम्ही शोधू.

आज मॅडमसाठी त्याच बागेतले घड आणायला मी रावजींसोबत गेलो होतो. शेततळ्याच्या चढावर ते गप्पा मारत पुढे, आणि धापा टाकत थांबलो मी. रावजी वळले, घडांची पाटी खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, हात वर करा बरं. वाढतं का?"

मला निव्वळ दम लागला होता. तरी ईसीजी काढायला लावूनच त्यांनी मला इथे येऊ दिलं. मॅडम, तुम्ही बदली होऊन त्र्यंबकेश्वरला निघालात, पण तुमचे प्रश्न गावात मुक्कामाला राहिले आहेत.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असल्यास उदार मनाने क्षमा असावी. रावजी, पाटी घेऊन या. सावकाश.