बद्रीनाथच्या चढावर अडलेली पिकअप

राजूरच्या घाटात माझी पिकअप कधी अडली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्र्याहत्तर साली आत्याला बद्रीनाथाचं दर्शन घडवायला मी तीच गाडी काढली. मागं गावची माणसं बसली होती.

शेवटच्या चढावर गाडीचा जोर गेला. टाकीत पेट्रोल होतं. प्लग पुसले, कार्बोरेटर पाहिला, कुठं खोट सापडेना. मी पुरता चक्रावलो.

रस्त्याकडेच्या चहावाल्यानं हिंदीत सांगितलं, इतक्या उंचीवर हवा पातळ असते, इंजिनाला पुरत नाही.

शेजारचा तुकाराम म्हणाला, "हवा पातळ? ताक हाय व्हय ते?"

मलाही ते पटेना. पण आत्या दर्शनाशिवाय परत फिरणार नव्हती.

"उतरा सगळे," मी म्हणालो. "रिकामी चढते का बघतो."

गाडी रडतखडत निघाली. थांबवली तर पुन्हा हलायची नाही, म्हणून मी तशीच वर दामटली. मागून चढावर धापा टाकत आत्या ओरडली, "आरं मेल्या, दर्शन मला घडवायचं हाय का तुज्या गाडीला?"