पथ्याची भाजी

कसबा पेठेतल्या वेणूबाई भाजी विकतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरातले पथ्य तोंडपाठ ठेवतात. एवढी निष्ठावान स्मरणशक्ती मला विद्यापीठातही आढळलेली नाही. आज माझ्यापुढे दोघीजणी उभ्या होत्या. पहिलीला वेणूबाईंनी लगेच ओळखले.

“या शर्मिलाताई. साहेबांचा अंगठा काय म्हणतोय?”

“सूज उतरली. कालपासून चालतायत.”

“बघा! युरिक अ‍ॅसिडवर माझ्या दुधी-पडवळाचा गुण येतोच. तेच भरू ना?”

“नको. पालकाच्या दोन जुड्या द्या. फ्लॉवर, मटार आणि मशरूमचे दोन डबे.”

“अहो, डॉक्टरांनी नेमकं हेच बंद केलंय! यादी तुम्हीच मला वाचून दाखवली होती.”

“म्हणून तर पाठ आहे.”

“पुन्हा पाय धरून ओरडत बसतील ते.”

“ओरडू देत. तेव्हा अंथरुणातूनच ओरडतात, मावशी. उठून अंगावर येत नाहीत.”

“किती दिवस पडून होते?”

“पंधरा. त्या पंधरा दिवसांत माझी लेक एकदाही पलंगाखाली लपली नाही.”

“आणि काल?”

“सांगितलं ना, कालपासून चालतायत.”

“पिशवी उघडा. हे मटार घ्या, चांगले भरलेत. कुणी विचारलंच, तर ताई पथ्याचंच नेतात म्हणून सांगेन.”

“येते मावशी.”

“या. हं, तुम्ही बोला बाई. दुधी हातात घेऊन कधीच्या उभ्या आहात.”

दुसरीने दुधी हलकेच जागेवर ठेवला.

“यांना दिलंत तेच द्या.”